रंग उडवणारी बंदूक आठ वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. दुबईला असलेल्या माझ्या भावाने दिवाळीला येताना माझ्या आठ वर्षांच्या मुलासाठी निन्टेन्डो स्विच हे व्हिडिओ गेमचे यंत्र (कन्सोल) आणि त्यावर खेळायचा ‘स्प्लॅटून ३’ हा गेम आणला. सगळे कार्टूनसारखे रंगीबेरंगी आहे. पण त्यातली पोरे हातात बंदुका घेऊन एकमेकांवर नेम धरतात. माझे यजमान म्हणतात, “कार्टूनच तर आहे.” सासरे निवृत्त शिक्षक आहेत, ते म्हणतात, “बंदूक ती बंदूकच.” खोक्यावर वयासाठी ७ हा आकडा आहे आणि इंटरनेटवर याच गेमसाठी १० दिसतो. पाच वर्षांची धाकटी मुलगीही शेजारी बसून पाहत असते. मी काय ठरवावे?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या सासऱ्यांचा आक्षेप आधी घेतो, कारण असे बोलणे घरात बहुधा ‘जुन्या पिढीचे मत’ म्हणून बाजूला सारले जाते. चित्र गोंडस आहे म्हणून त्यातली कृती निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कार्टून ही चित्र काढण्याची एक शैली आहे. तो वयाचा दाखला नव्हे. ‘फोर्टनाइट’ हा गेमही कार्टूनसारखाच दिसतो आणि त्यातही रक्त दिसत नाही, तरी युरोपातील ‘पेगी’ या मानांकनाने त्याला १२ वर्षांची आणि अमेरिकेतील ‘ईएसआरबी’ने १३ वर्षांची खूण दिली आहे. तिथे शंभर जण मैदानात उतरतात, पात्रे माणसांसारखी असतात, बऱ्याचशा बंदुका खऱ्या बंदुकांच्या घडणीच्या असतात आणि बाकीचे सगळे बाद झाल्यावर जो उरतो तो जिंकतो.

म्हणून अशा खेळाची पारख करताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की या खेळात शाबासकी कशासाठी मिळते? तुमच्या मुलाच्या गेमबाबत याचे उत्तर मला एका दुपारी माझ्या भाच्याच्या मुलाशेजारी बसल्यावर मिळाले. त्यातला मुख्य सामना चार-चार जणांच्या दोन संघांत होतो आणि तीन मिनिटे चालतो. बंदुकीतून गोळी सुटत नाही, शाई उडते, आणि त्या शाईने जास्तीत जास्त जमीन आपल्या रंगाची करायची असते. प्रतिस्पर्धी बाद झाला, की त्याचा रंगाचा फवारा होतो आणि काही सेकंदांत तो आपल्या ठाण्यावरून पुन्हा निघतो. शेवटी एक लठ्ठ मांजर येते आणि कोणत्या संघाने किती टक्के जमीन रंगवली ते पाहून जिंकणाऱ्याच्या रंगाचा झेंडा उंचावते. त्या दुपारी हा मुलगा एकालाही बाद न करता मागचे कोपरे नेटाने रंगवत राहिला आणि झेंडा त्याच्याच संघाचा वर गेला. रंगपंचमीला पिचकारी घेऊन गल्लीत धावणाऱ्या मुलाला आपण हिंसक म्हणत नाही. हा खेळ मला ‘फोर्टनाइट’पेक्षा त्या पिचकारीच्या बराच जवळचा वाटला.

आता आकड्यांविषयी. चित्रपटांना आपल्याकडे सेन्सॉरचे प्रमाणपत्र असते आणि २०२४ पासून त्यात यूए ७+, १३+ आणि १६+ असे टप्पेही आले आहेत. कन्सोलवरच्या गेमच्या खोक्यावर मात्र आपल्याला परदेशी खुणाच वाचाव्या लागतात. ‘पेगी’च्या पायऱ्या ३, ७, १२, १६ आणि १८ अशा आहेत आणि सौम्य, अवास्तव मारामारी ७ मध्ये बसते. ‘ईएसआरबी’कडे ७ ही पायरीच नाही, तिथे ‘सर्वांसाठी’ या वर्गानंतर थेट ‘दहा वर्षांपासून पुढे’ हा वर्ग येतो, आणि या गेमला तो ‘कार्टून पद्धतीची हिंसा’ या शेऱ्यासह मिळाला आहे. म्हणजे दोन्ही संस्थांनी पाहिले एकच, फक्त त्यांच्या मोजपट्ट्यांवरच्या रेघा वेगळ्या ठिकाणी आहेत. दोन आकड्यांतला खरा कोणता, या विचारात फार अडकू नका.

त्याहून महत्त्वाचे हे, की आकडा काय मोजत नाही. खेळ किती अवघड आहे, हे ‘पेगी’ मोजत नाही. ऑनलाइन सामन्यात समोर कोण असेल, हे कोणत्याच खुणेला आधी ठाऊक नसते. आठ वर्षांचे मूल सरावलेल्या मोठ्या मुलांसमोर उभे राहिले, की दर अर्ध्या मिनिटाला बाद होते आणि तिथून चिडचिड सुरू होते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडताना म्हटले आहे, की हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्याशी लहानसा पण पुन्हा पुन्हा आढळणारा संबंध दिसतो. मात्र गंभीर हिंसेशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. तेव्हा मुलगा मोठेपणी गुंड होईल, ही भीती मनातून काढून टाका आणि गेम बंद केल्यानंतरच्या पंधरा मिनिटांवर लक्ष ठेवा. माझ्या भाच्याच्या मुलाचे मी तेच पाहिले. जिंकलेल्या सामन्यानंतर तो उठून पाणी प्यायला आणि खाली खेळायला गेला. त्याआधी लागोपाठ तीन सामने हरला होता, तेव्हा मात्र कंट्रोलर धरलेली त्याची बोटे पांढरी पडली होती आणि आईने हाक मारताच तो तिच्या अंगावर खेकसला होता. गेम तोच आणि मुलगाही तोच, त्यामुळे निर्णय दर आठवड्याला पाहून घ्यावा लागतो.

माझे मत असे, की आठ वर्षांच्या मुलाला हा गेम द्यायला हरकत नाही. पण सुरुवात ऑनलाइन सामन्यांपासून करू नये. याच गेममध्ये एकट्याने खेळायची एक कथा आहे. तिच्यात समोर खरी माणसे नसतात, ती टप्प्याटप्प्याने पुढे जाते आणि हरले तरी हसणारे कुणी नसते. ऑनलाइन खेळण्यासाठी निन्टेन्डोची वेगळी वर्गणी भरावी लागते. ती तूर्त भरू नका. पालकांसाठी त्यांचे एक मोफत ॲप आहे, ते तुमच्या फोनवर घेऊन त्यात रोजची वेळ ठरवून टाका आणि त्याचा पिन मुलाला कळू देऊ नका. वेळ संपल्याची सूचना यंत्राकडूनच आली, की तुमची आणि त्याची रोजची हुज्जत बरीच कमी होते. पुढे तो ऑनलाइन खेळू लागला आणि सूचनेच्या वेळी सामना चालू असेल, तर तो पुरा करू द्यावा; तीन मिनिटांचाच असतो, आणि मध्येच तोडला तर सोबतच्या तिघांचाही खेळ बिघडतो, हे मुलाला खरोखरच लागते. गरगरते अशी तक्रार त्याने केली, तर कंट्रोलर हलवून नेम धरण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

पाच वर्षांच्या मुलीच्या हाती मात्र कंट्रोलर देऊ नये. तिला पडद्यावरचा मजकूर वाचता येणार नाही, सगळे फार वेगाने घडेल आणि भावाच्या बरोबरीने जमत नाही म्हणून ती रडेल. या एका यंत्रावर दोघांना एकाच वेळी हा गेम खेळताही येत नाही, त्यामुळे भांडण ठरलेलेच आहे. शेजारी बसून पाहायला हरकत नाही; भावाच्या पात्राला कोणती टोपी आणि कोणते बूट घालायचे, हे रोज तिला निवडू द्या. तो निवडीचा पडदा शांत असतो, तिथे घाई नसते आणि बंदूक हाती न घेताही तिला खेळात वाटा मिळतो.