शेवटच्या नंबरची भीती आणि पहिला किलोमीटर

तुमचं वय ६२. तीन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावता, पाच किलोमीटरला ३८ मिनिटं लागतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि धावताना ठोके वाढले की मनगटावरचं घड्याळ लाल होऊन ओरडतं, असं तुम्ही लिहिलंत. सहा आठवड्यांनी मदतनिधीसाठी होणाऱ्या १० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलंत आणि आता धाकधूक सुरू झाली: सगळ्यात शेवटी आलो तर? त्यापेक्षा देणगी द्यावी आणि घरी बसावं का?

देणगी द्याच, पण धावाही. शेवटी येण्याची काळजी सोडा. अशा शर्यतीत आपल्या वयाच्या माणसाचं जे काही बिघडतं ते सुरुवातीच्या पाचशे मीटरमध्येच बिघडतं.

मी आता ६७ वर्षांचा आहे. मदतनिधीची पहिली शर्यत ५८व्या वर्षी धावलो, पाच किलोमीटरची. तासभर आधीच जाऊन पोहोचलो होतो (हा आपल्या पिढीचा रोगच), त्यामुळे आपसूक पहिल्या रांगेत. आजूबाजूला सगळी शाळकरी पोरं. शिट्टी झाली आणि पोरं शंभर मीटरची शर्यत असल्यासारखी सुटली. मीही सुटलो! दोनशे मीटरवर त्यांचा दम संपला आणि ती जागच्या जागी थांबायला लागली. एकाच्या बुटाची नाडी सुटली, तो होता तिथेच खाली बसला. त्याला चुकवायला मी आडवी उडी मारली आणि पोटरीत बारीकशी कळ आली. तरी थांबलो नाही. पहिला किलोमीटर ५ मिनिटं १० सेकंदांत गेला. माझा नेहमीचा वेग किलोमीटरला सव्वासहा मिनिटांच्या आसपास. तिसऱ्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले, शेवटचे दोन कसेबसे चालत-पळत काढले. बाबागाडी ढकलत धावणारी एक मुलगी मला मागे टाकून गेली, वर वळून विचारलंही, "काका, ठीक आहात ना?" एकूण वेळ ३३ मिनिटं ४० सेकंद.

पुढच्या वर्षी मुद्दाम पार मागे उभा राहिलो. गर्दीतून वाट काढताना पहिल्या किलोमीटरला सात मिनिटं गेली, जीव नुसता तडफडत होता. पण उरलेले चार सहा-सहा मिनिटांत आले. बरोबर ३१ मिनिटं.

नेहमीच्या स्पर्धेत लोक वेगाप्रमाणे उभे राहतात, इथे मैत्रीप्रमाणे. पाचजणी हातात हात घालून चालतात, कुणी वेष करून आलेला असतो, कुणी मध्येच थांबून फोटो काढतो. ती त्यांची चूक नाही, त्यांच्यासाठीच तर हा कार्यक्रम असतो. पण अचानक थांबणं, वळणं, उडी मारणं आपल्या पोटरीला आणि टाचेच्या वरच्या कंडरेला (पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीला) मानवत नाही. तरुण धावपटू गुडघ्याची तक्रार जास्त करतात, आपल्या वयात पोटरी आणि टाच आधी बोलते. स्नायू-कंडरांची लवचीकता कमी झालेली असते, शरीर तापायला वेळ लागतो. म्हणून शिट्टीआधी दहा-पंधरा मिनिटं भराभर चालून, हलकं धावून घ्या. गर्दीच्या मागच्या बाजूला, कडेला उभे राहा आणि नाडीला दुहेरी गाठ मारा. पहिला किलोमीटर तर फुकट गेला असंच धरून चाला. वेळ मोजणारी चिप असेल तर तुमचं घड्याळ तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यावरच सुरू होतं, मागे उभं राहून काही बुडत नाही. चिप नसेल तर स्वतःचं घड्याळ आहेच.

आता सहा आठवडे. तीनपैकी दोन दिवस आहेत तसेच ठेवा. तिसऱ्या दिवसाचं अंतर दर आठवड्याला किलोमीटरभर वाढवत नऊपर्यंत न्या, शेवटच्या आठवड्यात मात्र निम्मं करा. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं केलंत तरी चालेल, फक्त ते पहिल्या मिनिटापासून करा. दमल्यावर चालणं आणि दमू नये म्हणून चालणं यात फार फरक आहे. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करणं एवढा एकच व्यायाम सांगतो, कारण दहा सांगितले तर तुम्ही एकही करणार नाही.

घड्याळ लाल होऊन ओरडतं म्हणालात. २२० वजा वय हे सूत्र धरलं तर तुमची कमाल हृदयगती १५८ येते. २००१मध्ये आलेल्या २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने ती साधारण १६५ येते. दोन्ही सरासऱ्याच आहेत, एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यातून तुमची गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारातली असेल तर ती ठोके मुद्दामच खाली ठेवते, मग घड्याळाचं गणित पार कोलमडतं. धावताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, ही जुनी कसोटी धरा. डॉक्टरांना मात्र याच आठवड्यात भेटा, शर्यतीच्या आदल्या दिवशी नको. कुठली गोळी, किती अंतर, सगळं स्पष्ट सांगा. आणि गुडघा दुखतोय म्हणून शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका. रक्तदाब वाढू शकतो आणि घाम गेलेला असताना मूत्रपिंडावर ताण येतो. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा श्वास नेहमीपेक्षा वेगळा लागला तर थांबा, पदक गेलं खड्ड्यात.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा: कौतुक. माइकवाला ओरडेल, "या वयातही!" माझा फोटो एका वर्षी आयोजकांनी "तरुणांना लाजवणारे आजोबा" म्हणून लावला होता. त्या दिवशी माझ्यापुढे दोनशेहून जास्त तरुण येऊन गेले होते, त्यातला एकही लाजलेला दिसला नाही. खरंच धावणारे म्हातारे पाहायचे असतील तर कॅनडाचे एड व्हिटलॉक बघा. २००३मध्ये ७२व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन ३ तासांच्या आत, २:५९:१० मध्ये संपवली. त्यांचा सराव काय, तर घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास संथ फेऱ्या.

स्वतःशी तुलना करायची असेल तर वयानुरूप टक्केवारी काढा. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम वेळेशी तुमची वेळ ताडून पाहणारे तक्ते आहेत. ५९व्या वर्षीची माझी ३१ मिनिटं ६६व्या वर्षी साडेबत्तीस झाली, तरी टक्केवारी किंचित वर गेली. घरी दाखवली, कुणावर काही परिणाम झाला नाही.

राहता राहिली शेवटच्या नंबराची गोष्ट. एका वर्षी पोटरीमुळे धावता येईना, म्हणून मी सगळ्यांच्या मागून चालणारा स्वयंसेवक झालो. पार्करनसारख्या उपक्रमांत (दर आठवड्याला होणाऱ्या पाच किलोमीटरच्या मोफत धावा) तर हे काम ठरवूनच दिलेलं असतं, म्हणजे शेवटून पहिला येणारा कायम स्वयंसेवकच. त्या दिवशी माझ्यापुढे दोघी चालत होत्या. एकीचे उपचार नुकतेच संपले होते, दुसरीच्या पाठीवर आईचा फोटो टाचलेला. दोघींची ओळख दुसऱ्या किलोमीटरला झाली आणि चौथ्यापर्यंत औषधं, डॉक्टर, मुलं असं सगळं बोलून झालं होतं. वेळ कुणी विचारली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा टाळ्या वाजल्या, पण पाणी संपलं होतं आणि टेबलं आवरायला घेतली होती. मागे राहणाऱ्याची खरी अडचण ही आहे. पाण्याची बाटली स्वतःची न्या.

नंतर किती दिवस विश्रांती? न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर, ज्यांनी १९७४मध्ये ४१व्या वर्षी २:११:१९ची मॅरेथॉन धावली, ते शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचं धावायचं नाही असं मानत. १० किलोमीटर म्हणजे साधारण सहा मैल, सहा दिवस हलकं चाला-धावा.

शर्यत झाली की इथे येऊन पहिला किलोमीटर किती मिनिटांत गेला तेवढं लिहा. एकूण वेळ नाही सांगितलीत तरी चालेल.