फ्लेक्सच्या आधी खिडकी

चि. …स,

अनेक आशीर्वाद. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशांसाठी जी मार्केटिंग टीम करतो आहेस, तिच्यासाठी तू पाठवलेली नावं पाहिली. रील करणारा, डिझायनर, ऑनलाइन जाहिराती बघणारी... पोरं गुणी दिसतात. पण चौकशीच्या खिडकीवर बसणारं यात कुणीच नाही. आधी ते माणूस शोध.

इंजिनिअरिंगच्या बहुतेक जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून भरतात. मुलाचं मेरिट आणि ऑप्शन फॉर्ममधला पसंतीक्रम, यावर जागा लागते. मेरिट तुझ्या हातात नाही, उरला तो क्रम. आणि तो भरला जातो जत-आटपाडीकडच्या एखाद्या नेट कॅफेत, वडील मागे उभे असताना. त्यांच्या डोक्यात रील नसतं. होस्टेल मिळेल का, मेसचे किती, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला अजून हातात नाही तर काय, पहिल्या दिवशी एकरकमी किती भरायचे, हे असतं. मुलगी असेल तर फीमाफीचं विचारतात. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खिडकीवरच्याला हे तोंडपाठ हवं. होस्टेल-मेसचा खर्च यात येत नाही, हेही त्यानं न विचारता सांगावं. नाहीतर तेच वडील दिवाळीआधी भांडायला येतात, आणि मग गावाच्या पारावर आपल्या कॉलेजचं जे नाव निघतं त्यावर कुठल्याच जाहिरातीचा इलाज नाही.

म्हणून स्कॉलरशिपच्या टेबलावर काम केलेला एक क्लार्क टीममध्ये घेच. शिवाय दुष्काळी तालुक्यांतली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन मुलं घे, आणि त्यांना फुकट राबवू नकोस. ‘कमवा आणि शिका’ ज्या साताऱ्यानं रुजवलं, त्याच्या शेजारी राहून तेवढं तरी पाळू या.

प्लेसमेंटचं रजिस्टर टीमला थेट बघायला मिळालं पाहिजे, ही अट प्राचार्यांकडून आधीच मान्य करून घे. एकाच पोराच्या मोठ्या पॅकेजचा फोटो सांगली-मिरज रस्त्यावर लावायची चाल मला मुळीच आवडत नाही. शाखेत किती जण बसले, किती लागले आणि पगाराच्या क्रमानं बरोबर मध्यावर येणाऱ्या मुलाला किती मिळाले, एवढं छाप. आकडा लहान दिसेल. दिसू दे.

संस्थाचालकांच्या पाहुण्यांपैकी एखादा टीममध्ये येईलच. त्याला कार्यक्रमांचे फोटो काढायला दे, फीबद्दल बोलायला देऊ नकोस.

सीईटीच्या निकालाआधी एक वही सुरू कर. फोन कुठल्या तालुक्यातून आला, काय विचारलं, उत्तर कुणी दिलं. दर शनिवारी सगळ्यांनी ती एकत्र वाचायची; पुढच्या आठवड्यात काय छापायचं ते त्यातूनच ठरेल.

डिझायनर मुलीला मात्र सोडू नकोस, तिचं माहितीपत्रक छान आहे. फक्त फीचं पान शेवटी गेलंय, ते दुसऱ्या पानावर आणायला सांग.

तुझा,
सर