मध्यक उत्पन्न वाढले, की केवळ डॉलर स्वस्त झाला?

प्रश्न : अमेरिकेतील एका ग्रामीण काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) कौटुंबिक मध्यक उत्पन्न, म्हणजे उत्पन्नाच्या चढत्या क्रमात बरोबर मधल्या घराचे उत्पन्न, कसे बदलत गेले, हे मला प्रबंधात मांडायचे आहे. काउंटीची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास आहे. सेन्सस ब्युरोचे (अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाचे) दर वर्षी प्रसिद्ध होणारे आकडे घेऊन मी आलेख काढला, तर रेषा न अडखळता वर चढत जाते. माझ्या मार्गदर्शकांना ती संशयास्पद वाटते. चूक कोठे झाली असावी?

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. सन 2000 च्या जनगणनेपर्यंत साधारण दर सहा घरांमागे एका घराला सविस्तर प्रश्नावली देऊन आदल्या वर्षाचे उत्पन्न विचारले जात असे. त्यानंतर हे काम ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’कडे आले. या पाहणीत देशभरातील सुमारे 35 लाख पत्ते दर वर्षी निवडले जातात, पण लहान काउंटीच्या वाट्याला त्यांतील फारच थोडे येतात. म्हणून एका वर्षाचा स्वतंत्र आकडा 65,000 किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या भागांसाठीच दिला जातो, आणि आपल्या काउंटीसारख्या ठिकाणी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून एकच आकडा काढला जातो. याचा अर्थ असा, की आपण 2018 आणि 2019 म्हणून मांडलेले दोन बिंदू प्रत्यक्षात 2014–18 आणि 2015–19 या कालखंडांचे आहेत आणि त्यांतील चार वर्षांची माहिती एकच आहे. रेषा न अडखळण्याचे मुख्य कारण हेच आहे. तुलना करायचीच असेल, तर एकमेकांवर न चढणारे कालखंड घ्यावेत. उदाहरणार्थ, 2010–14 आणि 2015–19.

तेवढ्यानेही काम भागत नाही. समजा, पहिल्या कालखंडाचा आकडा 42,000 डॉलर असून त्याची त्रुटिमर्यादा (खरा आकडा याहून साधारण किती कमी किंवा जास्त असू शकतो, ते) 3,300 आहे, आणि दुसऱ्याचा आकडा 46,500 असून मर्यादा 3,100 आहे. (ही मर्यादा 90 टक्के विश्वासपातळीची असते. ती तक्त्यात आकड्याशेजारीच छापलेली असते आणि बहुतेक जण नेमका तोच रकाना सोडून देतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.) वाढ 4,500 डॉलरची दिसते. परंतु पहिला आकडा 2014 च्या डॉलरमध्ये आहे आणि दुसरा 2019 च्या. या काळात ग्राहक किमती सुमारे 8 टक्क्यांनी वाढल्या. त्यामुळे 42,000 चे 45,360 होतात, मर्यादाही सुमारे 3,560 होते आणि फरक 1,140 डॉलरवर येतो. आता दोन्ही मर्यादांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी आणि वर्गमूळ काढावे. उत्तर सुमारे 4,700 येते. फरक 1,140 आणि त्याची मर्यादा 4,700, अशा स्थितीत उत्पन्न वाढले असे म्हणता येत नाही आणि घटले असेही म्हणता येत नाही. प्रबंधात हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. तो आपल्या अभ्यासाचा निष्कर्षच आहे.

वर्षागणिक रेषा हवीच असेल, तर सेन्सस ब्युरोचेच ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ पाहावेत. त्यांत पाहणीच्या आकड्यांना प्राप्तिकर विवरणपत्रे, अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या अशा प्रशासकीय नोंदींची जोड देऊन प्रत्येक काउंटीसाठी एका वर्षाचा अंदाज बांधला जातो. मात्र 2005 पासून या अंदाजांचा आधार असलेली पाहणी बदलली, त्यामुळे 2004 आणि 2005 हे बिंदू सलग रेषेने जोडू नयेत. तसेच जनगणनेच्या व्याख्येत ‘फॅमिली’ आणि ‘हाउसहोल्ड’ वेगळे आहेत: एकटी राहणारी व्यक्ती दुसऱ्यात मोजली जाते, पहिल्यात नाही. दोन्हींसाठी आपण मराठीत ‘कुटुंब’ लिहितो आणि तक्ता बदलला तरी ते ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट ग्रामीण भागात फार महत्त्वाची आहे. पाच घरांचे उत्पन्न 18, 26, 40, 55 आणि 90 हजार असेल, तर मध्यक 40 हजार होतो. पहिल्या दोन घरांतील वृद्ध मुलांकडे दुसऱ्या गावी राहायला गेले, तर उरलेल्या तिघांचा मध्यक 55 हजार होतो, आणि कोणाच्याही हातात एक डॉलर जास्त आलेला नसतो. म्हणून उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी घरांची संख्या आणि वयोगट यांचा तक्ता अवश्य ठेवावा.

प्रश्न : त्याऐवजी ‘ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस’चे दरडोई उत्पन्न वापरले तर चालेल का? ते दर वर्षी मिळते.

उत्तर : मध्यकाच्या जागी ते चालणार नाही. ती सरासरी आहे, त्यामुळे दोन-चार मोठ्या शेतमालकांच्या एका चांगल्या हंगामाने ती वर जाते आणि मधल्या घराची स्थिती मात्र होती तशीच राहते. शिवाय मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने रुग्णालयांना दिलेले पैसेही त्या उत्पन्नात धरले जातात, तर कम्युनिटी सर्व्हे फक्त रोख उत्पन्न विचारतो. काउंटीत मोठा तुरुंग असेल, तर कैदी दरडोईच्या भाजकात येतात. घरांच्या मध्यकात ते येत नाहीत.