अर्धी माळ पेटते, अर्धी ढिम्म

प्रश्न : आमच्याकडे ख्रिसमसला घरावर लाइटिंग करायचं सगळ्यांना वेड आहे, मुलगा शिडीवर, मुलगी खाली बसून गुंता सोडवत आणि सासरे खुर्ची टाकून "अगं डावीकडे झुकलंय ते" असं बारा वेळा सांगत. पण दरवर्षी तीच कटकट, १०० बल्बच्या जुन्या माळेतले अर्धे पेटतात आणि अर्धे ढिम्म. सासरे म्हणतात फेकायची नाही, मुलगा म्हणतो एलईडी आणू. कोणाचं ऐकू?

उत्तर : यंदा सासऱ्यांचं ऐका, पण कामाला मुलाला लावा.

अर्धी माळ पेटतेय म्हणजे प्लगमध्ये फ्यूज असलाच तर तो शाबूत आहे, तो उघडत बसू नका. या माळांमध्ये बहुतेक वेळा ५०-५० चे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागातले बल्ब एकामागोमाग एकाच तारेवर, सिरीजमध्ये. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या विजेवर ५० बल्ब म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम २.४ व्होल्ट. आता तुम्ही म्हणाल मग एक बल्ब गेला की सगळेच जायला हवेत, तर नाही, चांगल्या माळेत बल्बच्या आत फिलामेंटच्या खाली एक केसाएवढी तार गुंडाळलेली असते, शंट म्हणतात तिला. फिलामेंट तुटली की सगळं व्होल्टेज त्या एकाच बल्बवर येतं, शंटवरचा इन्सुलेशनचा थर जळतो आणि करंट तिथून पुढे सरकतो. पण बल्ब होल्डरमध्ये सैल बसला असेल तर शंट बिचारी काय करणार, वाटच तुटलेली!

म्हणून प्लग काढून ठेवा आणि त्या मेलेल्या भागातला एकेक बल्ब अंगठ्याने दाबत चला. मग प्लग लावून बघा, तरी नाही पेटली तर तो पुन्हा काढून एकेक उपसून बघा, बुडाशी दोन बारीक तारा बाहेरून वर वळवलेल्या दिसतील, त्यातली एक मोडलेली किंवा आत दुमडलेली असते, नखाने सरळ करून पुन्हा बसवा. काच काळवंडलेली असेल तर बल्बच बदला, मात्र तेवढ्याच व्होल्टचा, कारण ५० च्या भागाला २.५ व्होल्टचा लागतो, ३५ वाल्याला ३.५ चा, दिसायला दोन्ही जुळे भाऊ. आणि चार-पाच गेलेत पण बाकीचे पेटतायत ना, असं म्हणून सोडू नका हं, गेलेल्यांचं व्होल्टेज उरलेल्यांवर पडतं, ते जास्त तापतात आणि मग भराभर जायला लागतात.

तार कुठे सोललेली किंवा होल्डर वितळलेला दिसला तर मात्र सासरे रुसले तरी माळ फेकायची. पुढच्या वर्षी मुलाचं ऐका, तसल्या जुन्या १०० बल्बना ४० वॅटच्या आसपास लागतात, एलईडीला पाच-सात.

प्रश्न : मला शांत पिवळसर प्रकाश आवडतो, मुलांना रंगीबेरंगी आणि उघडझाप. नवरा तटस्थ. खरा ख्रिसमसचा लूक कुठला?

उत्तर : खरं सांगू का, इतिहास मुलांच्या बाजूने आहे. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरातल्या ख्रिसमस ट्रीवर विजेचे ८० दिवे लावले, लाल, पांढरे, निळे, आणि वर झाड गोल फिरतं ठेवलं, म्हणजे रंग आलटून पालटून दिसायचे. माझं मत विचाराल तर मी तुमच्या पार्टीत. झाडावर मुलांचं राज्य द्या, छताची कड तुम्ही घ्या, आणि पिवळसर माळा एकदमच एकाच कंपनीच्या घ्या, नाहीतर दोन "वॉर्म व्हाइट" शेजारी लावले की एक लोण्यासारखा आणि दुसरा ट्यूबलाइटसारखा दिसतो.

प्रश्न : घरातली माळ बाहेर लावली तर चालेल का?

उत्तर : नाही. बाहेरच्या माळेवर निदान आयपी ४४ लिहिलेलं बघा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसते. जोड जमिनीवर लोळत ठेवू नका, आणि प्लगच्या आधी तार थोडी खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं. खिळे ठोकू नका, क्लिपा लावा.

प्रश्न : गुंता!! दरवर्षी!

उत्तर : पुठ्ठ्याला दोन बाजूंनी खाचा पाडा आणि माळ उतरवताना तिथेच गुंडाळा, नंतर करू म्हणालात की संपलं. प्लगचं टोक शेवटी, बाहेर राहील असं ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी न सोडवता लावून बघता येते. पुठ्ठ्यावर पेनाने "खिडकी", "जिना" असं लिहा, हे काम आमच्या घरी धाकट्याकडे आहे आणि त्याने एकावर "बाबांनी तोडलेली" असंही लिहून ठेवलंय.