लॉगिनच्या पडद्यामागे काय चालतं ते आधी बघ

संगणक-सुरक्षेत नवीन आहेस, तर दहा बग वरवर वाचण्यापेक्षा एकच नीट उलगड: उबंटू 20.04 या लिनक्स प्रणालीमधला, 2020 साली सुरक्षा-संशोधक केविन बॅकहाउस यांना सापडलेला. सुडो (ॲडमिन म्हणून कमांड चालवायची मुभा) नसलेला साधा वापरकर्ता टर्मिनलमधल्या मोजक्या कमांड आणि सेटिंग्जमधल्या काही क्लिकवर ॲडमिन होत होता.

लॉगिनचा पडदा दाखवणारा जीडीएम हा प्रोग्रॅम अकाउंट्स-डिमनला (खात्यांची माहिती ठेवणारा, पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) विचारतो, मशीनवर खाती किती? हा डिमन भाषा बदलताना वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधली एक सेटिंगची फाइल वाचायचा. तिच्या जागी झीरो डिव्हाइसकडे (न संपणारे शून्य बाइट देणारी खास फाइल) नेणारी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल, ठेवली की वाचन संपतच नाही, डिमन तिथेच गरगरत राहतो. त्यात वाचताना त्याने स्वतःचे रूट (सर्वोच्च) अधिकार उतरवून वापरकर्त्याचे घेतलेले. हे सुरक्षेसाठी केलं होतं बरं का! पण त्यामुळेच साधा वापरकर्ता त्याला सिग्नल (चालू प्रोग्रॅमला दिलेली सूचना) पाठवून थांबवू आणि पाडू शकला. मग लॉगआउट केलं की जीडीएमला उत्तर मिळेना, त्याने खाती शून्य धरली आणि कोऱ्या मशीनसारखा पहिल्या सेटअपचा विझार्ड उघडला. तिथे तयार होणारं खातं ॲडमिनचं.

‘उत्तर आलं नाही’ आणि ‘उत्तर शून्य आलं’ या दोन गोष्टी कोड वाचताना कायम वेगळ्या धर. मला तरी खरी चूक तिथेच दिसते.

दुरुस्ती नोव्हेंबर 2020 मध्येच आली. करून बघायचं तर जुनी आवृत्ती स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये टाक. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनला हात लावू नकोस.