समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतील, तर खासदारांच्या छाननीचा उपयोग काय?

आपला प्रश्न असा आहे की, ब्रिटनच्या संसदेतील संस्कृती, माध्यमे आणि क्रीडा समिती इतके अहवाल प्रसिद्ध करते, पण त्यांतील एकही शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. मग तिथे बसलेला खासदार सरकारी धोरणाची छाननी करतो म्हणजे नेमके काय करतो? मी काही वर्षांपासून या समितीचे अहवाल आणि साक्षींची इतिवृत्ते आवडीने वाचत आलो आहे. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की, समितीचे खरे बळ शिफारशीपेक्षा उत्तर मागण्याच्या अधिकारात आहे, आणि हे उत्तर लेखी, जाहीर व ठरावीक मुदतीत द्यावे लागते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्यावर लक्ष ठेवणाऱ्या सिलेक्ट कमिट्यांची आजची रचना १९७९ पासूनची आहे. संस्कृती आणि क्रीडा यांचे वेगळे खाते १९९२ मध्ये ‘राष्ट्रीय वारसा’ या नावाने स्थापन झाले, १९९७ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले, २०१७ मध्ये त्यात ‘डिजिटल’ची भर पडली आणि २०२३ मध्ये तो विषय पुन्हा बाहेर काढला गेला. खात्याची पाटी बदलली की समितीचीही बदलते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा बदल २०१० चा आहे. तोवर समित्यांवर कोण जाणार हे प्रत्यक्षात पक्षांचे प्रतोद ठरवत असत. तेव्हापासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष संपूर्ण कनिष्ठ सभागृह गुप्त मतदानाने निवडते. कोणत्या समितीचे अध्यक्षपद कोणत्या पक्षाकडे जाणार, हे मात्र पक्षांमध्ये आधीच वाटून घेतलेले असते, त्यामुळे २०२४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आल्यावरही या समितीचे अध्यक्षपद विरोधी हुजूर पक्षाच्या खासदाराकडे राहिले, यात तिथे कोणालाही काही वावगे वाटले नाही.

कामाची पद्धत सरळ आहे. समिती विषय निवडते, लेखी निवेदने मागवते, साक्षी घेते आणि अहवाल देते. त्यावर सरकारने साधारण दोन महिन्यांत उत्तर द्यावे, अशी रीत आहे. साक्षी बहुतांशी उघडपणे आणि कॅमेऱ्यासमोर होतात. आपल्याकडील संसदीय स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होत असल्यामुळे हा फरक आपल्याला चटकन जाणवतो. सरकारचे उत्तर वाचणे ही मात्र एक स्वतंत्र कला आहे. ‘सहमत आहोत’, ‘तत्त्वतः सहमत आहोत’ आणि ‘नोंद घेतली आहे’ हे तीन शेरे दिसायला शेजारी असले, तरी त्यांच्यातले अंतर सरकारी कचेरीत एकदा तरी अर्ज केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

छाननी जवळून पाहायची असेल, तर १६ नोव्हेंबर २०२१ ची साक्ष पाहावी. यॉर्कशायर काउंटीचा माजी फिरकी गोलंदाज अझीम रफीक त्या दिवशी समितीसमोर आला होता. क्लबमध्ये वंशद्वेष आणि छळ सोसावा लागल्याच्या त्याच्या ४३ आरोपांपैकी ७ आरोप क्लबने स्वतः नेमलेल्या चौकशीत ग्राह्य ठरले होते. तरीही कोणावरही शिस्तभंगाची कारवाई करणार नसल्याचे क्लबने ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर केले होते. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात समितीने क्लबच्या अध्यक्षांना साक्षीसाठी बोलावले. त्याच आठवड्यात प्रायोजक बाजूला झाले, इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने यॉर्कशायरकडून आंतरराष्ट्रीय सामने भरवण्याचा हक्क तात्पुरता काढून घेतला आणि अध्यक्षांनी राजीनामा दिला. याचे सगळे श्रेय समितीला देता येणार नाही, कारण पत्रकारांनी हा विषय आधीपासून लावून धरला होता. परंतु ज्याला उत्तरे द्यावी लागणार आहेत त्याच्यासमोर तारीख ठेवली, की गोष्टी किती वेगाने हलतात, हे त्या आठ दिवसांत दिसले.

प्रत्यक्ष साक्षीत रफीकने वंशद्वेषी संबोधने संघात किती सहज वापरली जात, हे सांगितले. वयाच्या पंधराव्या वर्षी, स्थानिक क्लबकडून खेळत असताना, आपल्याला धरून ठेवून घशात रेड वाइन ओतण्यात आल्याचेही त्याने सांगितले. आपल्या मुलाने क्रिकेटच्या जवळपासही फिरकू नये, असे वाटत असल्याचे तो म्हणाला, आणि मधूनमधून त्याचा कंठ दाटून येत होता. हेच सारे त्याने बाहेर कुठे नावानिशी सांगितले असते, तर अब्रुनुकसानीच्या दाव्याची टांगती तलवार डोक्यावर राहिली असती. समितीसमोरील साक्षीला मात्र १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’पासून चालत आलेले संसदीय संरक्षण असते. (पुढे दोनच दिवसांत रफीकचे स्वतःचे जुने ज्यूविरोधी संदेश उजेडात आले आणि त्याने माफी मागितली, त्याने मूळ तक्रार खोटी ठरत नाही, पण ही बाजू वगळून हा प्रसंग सांगू नये.) जानेवारी २०२२ च्या अहवालात समितीने म्हटले की, ड्रेसिंग रूममधून आणि प्रेक्षकांतून वंशद्वेष हटवण्यात सतत आणि दाखवून देता येईल अशी प्रगती होत नसेल, तर क्रिकेटला मिळणाऱ्या सार्वजनिक निधीवर सरकारने मर्यादा आणावी. ही शिफारसही बंधनकारक नव्हतीच.

समितीच्या मर्यादाही लपवण्यासारख्या नाहीत. खोट्या बातम्यांच्या चौकशीत फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांना वारंवार बोलावूनही ते आले नाहीत, म्हणून २७ नोव्हेंबर २०१८ च्या बैठकीत, नऊ देशांच्या लोकप्रतिनिधींसमोर, त्यांच्या नावाची पाटी लावून खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. त्या छायाचित्राचा बोलबाला झाला, पण खुर्चीने उत्तर दिले नाही. ब्रेक्झिटच्या बाजूने प्रचार करणाऱ्या ‘व्होट लीव्ह’ मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनीही त्याच चौकशीत साक्षीला नकार दिला. सभागृहाचा अवमान केल्याबद्दल एप्रिल २०१९ मध्ये त्यांना ठरावाद्वारे समज देण्यात आली, आणि जुलैमध्ये तेच गृहस्थ नव्या पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार झाले!

दुसरी मर्यादा पक्षीय फुटीची आहे. वर्तमानपत्राने लोकांचे फोन संदेश चोरून ऐकल्याच्या ‘फोन हॅकिंग’ प्रकरणावरील २०१२ च्या अहवालात त्या वृत्तपत्रसमूहाचे प्रमुख रूपर्ट मरडॉक हे मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी चालवण्यास योग्य व्यक्ती नाहीत, असे वाक्य घालण्यात आले. पण ते सहा विरुद्ध चार मतांनी, हुजूर सदस्यांचा विरोध असताना. परिणामी वर्तमानपत्रांत मरडॉक यांच्याइतकीच समितीतील भांडणाचीही चर्चा झाली. एकमताने लिहिलेले मवाळ वाक्य मंत्र्याला अधिक अडचणीचे ठरते, असे माझे मत तेव्हापासून आहे.

समितीबाहेरही एकटा खासदार पुष्कळ काही करू शकतो, आणि त्यासाठी ट्रेसी क्राउच यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सट्ट्याच्या दुकानांतील जुगारयंत्रांवर एका डावाला लावता येणारी कमाल रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणण्याचा निर्णय २०१८ मध्ये सरकारने घेतला होता, परंतु अर्थसंकल्पात अंमलबजावणीची तारीख ऑक्टोबर २०१९ अशी निघाली. क्राउच तेव्हा स्वतः त्याच खात्यात क्रीडामंत्री होत्या. उशीर मान्य नसल्यामुळे १ नोव्हेंबर २०१८ ला त्यांनी राजीनामा दिला, सत्ताधारी बाकांवरील अनेक खासदार वित्त विधेयकावर दुरुस्ती आणण्यास सरसावले, आणि दोन आठवड्यांत सरकारने तारीख एप्रिल २०१९ वर आणली. धोरण कोणीच बदलले नव्हते. वाद होता तो सहा महिन्यांचा.

याच क्राउच यांनी पुढे फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियामक नेमण्याची शिफारस केली. २०२४ च्या निवडणुकीमुळे त्यासाठीचे विधेयक एकदा बारगळले, नव्या सरकारने ते पुन्हा मांडले, आणि जुलै २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला. तोवर क्राउच खासदारही राहिल्या नव्हत्या.

आपल्याला ही प्रक्रिया चालू असताना पाहायची असेल, तर बीबीसीकडे लक्ष ठेवावे. तिची सध्याची राजसनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते, त्यामुळे दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांकडून घेतले जाणारे, बीबीसीचा खर्च भागवणारे परवाना शुल्क ठेवायचे की दुसरा मार्ग शोधायचा, हा प्रश्न तोवर सुटावा लागेल. समितीचा अहवाल हाती आला, की त्यासोबत सरकारचे उत्तरही उघडावे आणि कोणत्या मुद्द्यावर तारीख दिलेली नाही, ते आधी पाहावे.