बायबलमधली गोष्ट एकपात्री करायची तर झगा-दाढी हवी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पेहराव कसा असावा, गोष्ट कोणती घ्यावी आणि ख्रिस्ती नसलेला मराठी प्रेक्षक बसेल का. पेहरावाचं आधी सांगते. झगा नको, चिकटवलेली दाढी तर अजिबात नको. १९७८ साली लंडनमध्ये ॲलेक मॅकॉवन या नटाने मार्कचं अख्खं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनकथेचं एक पुस्तक, तोंडपाठ करून एकट्याने रंगमंचावर सादर केलं, आणि तेही साध्या आजच्या कपड्यांत. मग आपलं झग्यावाचून का अडावं?

मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. आम्ही ख्रिस्ती नाही. आजोबा नारदीय कीर्तन करायचे. उत्तररंगात आख्यान लागलं की तेच द्रौपदी, तेच दुःशासन, आणि मधेच पुन्हा आजोबा होऊन समोर पेंगणाऱ्याला नावानिशी हाक मारणार. सगळं एका उपरण्यावर. म्हणून मी दावीद राजा आणि नाथानाची गोष्ट करायला घेतली तेव्हा साडीच्या पदराशिवाय दुसरं काही हवंसं वाटलंच नाही.

गोष्ट बायबलमधल्या 'दुसरे शमुवेल' या पुस्तकात आहे, अध्याय ११ आणि १२. राजांनी लढाईवर जायचा हंगाम, आणि दावीद यरुशलेमेत मागे राहिलेला. संध्याकाळी गच्चीवरून त्याला बथशेबा दिसते. तिचा नवरा उरीया सैन्यात. तिला दिवस जातात तेव्हा राजा उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतो; त्याने रात्र घरी काढावी, म्हणजे मूल त्याच्या नावावर खपेल. पण सैन्य उघड्यावर पडलं असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, म्हणत तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांत झोपतो. राजा त्याला दारू पाजतो, तरी तो तिथेच. शेवटी राजा सेनापती यवाबाला पत्र लिहितो की याला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि तुम्ही मागे सरा. ते पत्र उरीयाच्याच हाती देतो.

मी हातात कागद घेतला नव्हता. दोन्ही हात पुढे करून पत्र घेतलं, कपाळाला लावलं, कमरेला खोचलं आणि पदर आवळून निघाले. पहिल्या रांगेतल्या एक काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "अरे बाबा, उघडून वाच ना!" त्या रोज विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या. प्रेक्षक बसेल का याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे.

त्यानंतर नाथान. तो संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, पण राजाला दटावायच्या आधी तो गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकच मेंढी, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्या पेल्यातलं पिणारी, लेकीसारखी कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे पाहुणा येतो, आणि तो आपली खिल्लारं राखून नेमकी तीच मेंढी कापतो. दावीद खवळतो, असल्याला मरणच हवं म्हणतो. नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." एकट्या प्रेक्षकासमोर केलेला एकपात्री प्रयोगच आहे हा! हे वाक्य बोट रोखून, आवाज चढवून म्हणू नका. मेंढीची गोष्ट ज्या सुरात सांगितली त्याच सुरात म्हणा.

आमच्या तेव्हाच्या दिग्दर्शकांना नेमकी मेंढीच काढायची होती. वयाने मोठे, मी त्यांना सर म्हणायचे. "गोष्टीत गोष्ट कशाला? त्यापेक्षा बथशेबाचं स्वगत घाल. निळा दिवा, पडद्यामागे स्नान, मग तू रडतेस." मी म्हटलं, सर, त्या अध्यायात तिच्या तोंडी फक्त 'मी गरोदर आहे' एवढा निरोप आहे. बाकी तिला कोणी काही विचारतच नाही, त्यातच सगळं भयंकर आहे. मी तिला पानभर रडायला लावलं तर ते भयंकर निघून जाईल. ते चिडले. "हे नाटक नाही, कीर्तन आहे," असं निवड समितीपुढेही म्हणाले. प्रयोग स्पर्धेत गेला नाही. मी तो एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात केला, काकू तिथेच होत्या.

कीर्तन हा शब्द हिणवायला वापरला याचा मला आजही राग आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली गोव्यात राचोलला छापून निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती कीर्तनं करायचे. बायबल मराठीत ओवी आणि कीर्तनाच्या वाटेनेच रुळलं आहे. एकट्या माणसाने उभं राहून बारा माणसं दाखवायची कला आपल्याकडे आयती असताना निळ्या दिव्याची उसनवारी का?

गोष्टींचं म्हणाल तर योना किंवा रूथ घ्या. दोन्ही पुस्तकं चार-चार अध्यायांची, सुरुवात-शेवट धड असलेली. वधस्तंभ पहिल्याच प्रयोगात नको. येशूची भूमिका तर करूच नका. त्याला पाहिलेला माणूस व्हा.

हो, एक राहिलं. चर्चमध्ये करणार असाल तर आधी पाळकांना संहिता दाखवा. समोरच्यांना वचनं पाठ असतात, एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कळतो. बायबल सोसायटीचं भाषांतर जसंच्या तसं घेणार असाल तर परवानगीची चौकशी करा. आणि हॉल ठरवताना प्रयोग कशावर आहे ते चालकांना स्पष्ट सांगा, ऐन वेळी धर्मप्रचाराचा संशय नको.

दिग्दर्शक घेऊ नका असं मी म्हणत नाही, बाहेरून बघणारा डोळा लागतोच. पण तो स्नानाच्या प्रवेशावर अडून बसला तर त्याच्यापुढे ११ वा अध्याय ठेवा. २७ वचनांत स्नान येतं एका वचनात. उरीयाचं बोलावणं, दाराशी काढलेल्या रात्री, पत्र आणि मरण ६ व्या वचनापासून १७ व्यापर्यंत चालतं. तेवढाच वेळ रंगमंचावर उरीयाला द्या.